प्रतिध्वनीतून माशांची मोजणी : खुल्या समुद्रातील जीवभाराचे ध्वनिमापन आणि त्यामागील गृहीतके

बीजशब्द : सोनार, प्रतिध्वनी, वाताशय, जीवभार, सायफोनोफोर, अरबी समुद्र

प्रास्ताविक

जंगलातील प्राण्यांची गणना करावयाची असेल तर पाणवठ्यावर मचाण बांधता येते, पाऊलखुणांचे ठसे घेता येतात, वाटेवर कॅमेरे लावता येतात. गणना कितीही कठीण असली तरी मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्यामध्ये हवा असते आणि हवेतून दिसते. खुल्या समुद्रात ही सोय नाही. अत्यंत स्वच्छ पाण्यातही २०० मीटरच्या खाली प्रकाशसंश्लेषणास पुरेल इतका उजेड उरत नाही, आणि १००० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश पोहोचतच नाही. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात थोड्याच अंतरात शोषल्या जातात. दूरवर जाऊन परत येऊ शकेल असे एकच साधन उरते, ते म्हणजे ध्वनी. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या सव्वाचार ते साडेचारपट असतो. गेल्या सुमारे नव्वद वर्षांत मत्स्यविज्ञानाने या साधनाचा वापर मोठ्या कौशल्याने केला आहे.

तथापि या वापरातून निघालेले आकडे पाहिले असता विचार करणारा वाचक थबकल्याशिवाय राहत नाही. २०० ते १००० मीटर खोलीच्या मधल्या थरात राहणाऱ्या माशांचा जगभरातील एकूण भार १९८० साली सुमारे १ अब्ज टन सांगितला गेला. २०१४ साली तो १० अब्ज टनांच्या घरात असल्याचे प्रसिद्ध झाले. २०१९ साली झालेल्या फेरमांडणीत १.८ ते १६ अब्ज टन असा पट्टा पुढे आला. संपूर्ण जगाची समुद्री मासेमारी वर्षाला सुमारे ८ कोटी टनांची आहे, हे ध्यानात घेता या आकड्यांमधील फरकच तिच्या कित्येक पटींनी मोठा ठरतो. समुद्रातील मासे चौतीस वर्षांत दसपट झाले नाहीत. बदलले ते मोजण्याचे साधन आणि त्यामागील गृहीतके. परत आलेल्या आवाजाचे रूपांतर टनांत कसे केले जाते आणि त्या रूपांतरात कोणती गोष्ट गृहीत धरावी लागते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पाण्यातील ध्वनीचा वेग पद्धतशीरपणे मोजण्याचा मान कोलाडों आणि स्टुर्म यांच्याकडे जातो. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून त्यांनी हा वेग सेकंदाला १४३५ मीटर असल्याचे दाखविले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर हिमनगाचा ठाव प्रतिध्वनीने घेण्याच्या प्रयत्नांना जोर आला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधासाठी लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ स्फटिकाच्या दाबविद्युत गुणधर्माचा उपयोग केला. जहाजाखालची खोली मोजणारी यंत्रे त्यानंतर लवकरच सर्रास वापरात आली. या यंत्रांच्या कागदी नोंदीवर तळाच्या रेषेच्या वर कधी कधी जे डाग उमटत, ते मासे असल्याचे मच्छीमारांच्या आणि संशोधकांच्या हळूहळू लक्षात आले. नॉर्वेच्या लोफोतेन बेटांजवळील कॉड माशांच्या थराची अशी नोंद ऑस्कर सुंद यांनी १९३५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना १९४२ सालची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सान डिएगोच्या परिसरात, आयरिंग, ख्रिस्तेन्सेन आणि रैट हे शास्त्रज्ञ नौदलासाठी ध्वनिप्रसाराचे प्रयोग करीत होते. सुमारे ३०० मीटर व त्याहून अधिक खोलीवरून, जेथे तळ असण्याची शक्यता नव्हती तेथून, त्यांना सातत्याने प्रतिध्वनी मिळू लागला. हा थर इतका सलग होता की नंतरच्या काळात काही जहाजांनी त्यालाच तळ समजून उथळ जागांच्या नोंदी केल्या आणि पुढे त्या नकाशांवरून काढून टाकाव्या लागल्या. १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन या प्राणिशास्त्रज्ञाने दाखवून दिले की हा थर संध्याकाळी वर चढतो आणि पहाटे खाली उतरतो. दगड, वाळू किंवा पाण्याच्या तापमानातील फरक असे वागत नाहीत. थर सजीवांचाच होता. त्याला पुढे ‘खोल प्रकीर्णन-थर’ असे नाव मिळाले आणि जगातील जवळजवळ सर्व महासागरांत तो आढळला. तेव्हापासूनचा प्रश्न एकच आहे : या थरात कोण आहे आणि ते किती आहे?

मोजणीची पद्धत

मत्स्यसंशोधनात वापरला जाणारा सोनार बहुधा जहाजाच्या तळाशी बसविलेला आणि सरळ खाली रोखलेला असतो. तो ठरावीक वारंवारतेचा, सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका छोटा ध्वनिस्पंद सोडतो. ५०० मीटर खोलीवरील वस्तूला लागून तो परत यायला सुमारे दोन-तृतीयांश सेकंद लागतो. किती वेळाने आला यावरून खोली कळते आणि किती जोराने आला यावरून तेथे काय व किती आहे याचा अंदाज बांधता येतो. ध्वनीचा झोत शंकूसारखा पसरतो. सात अंशांचा झोत १००० मीटर खोलीवर सुमारे १२० मीटर व्यासाचा होतो. त्यामुळे वरच्या थरात एकेक मासा सुटा ओळखता येत असला तरी खोल थरात हजारो प्राण्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळूनच परत येतात.

अशा वेळी माशांची मोजणी होत नाही, प्रतिध्वनीच्या ऊर्जेची बेरीज होते. ही गोष्ट एका साध्या दाखल्याने स्पष्ट होईल. महाविद्यालयाच्या बंद सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आतील श्रोत्यांची संख्या टाळ्यांच्या आवाजावरून सांगावयाची आहे असे समजा. एक माणूस सरासरी किती मोठ्याने टाळ्या वाजवितो हे त्याला ठाऊक असेल, तर एकूण आवाजाच्या ऊर्जेला त्या सरासरीने भागून संख्या काढता येईल. भागाकार सोपा आहे. अडचण भाजकाची आहे. आतील श्रोते विद्यार्थी आहेत की निवृत्त प्राध्यापक आहेत, हे त्याला बाहेरून दिसत नाही.

एका प्राण्याकडून परत येणाऱ्या ध्वनीच्या प्रमाणाला ‘टार्गेट स्ट्रेंग्थ’ म्हणतात आणि ती डेसिबलमध्ये सांगतात. डेसिबल हे लघुगणकी एकक असल्याने त्यातील लहान फरक फसवा असतो. या संख्येत ३ डेसिबलची चूक झाली तर माशांची संख्या दुप्पट किंवा निम्मी होते आणि १० डेसिबलची चूक झाली तर दसपट. हेरिंगच्या कुळातील माशांसाठी (कोकण किनाऱ्यावरील तारली याच गटातील) पुष्कळ ठिकाणी वापरले जाणारे सूत्र असे आहे : सेंटिमीटरमधील लांबीच्या लघुगणकाला २० ने गुणावे आणि त्यातून ७१.९ वजा करावे. ३० सेंटिमीटर लांबीच्या माशासाठी हे उत्तर सुमारे उणे ४२.४ डेसिबल येते. या एका स्थिरांकामागे पिंजऱ्यात ठेवलेल्या, दोरीने टांगलेल्या आणि मोकळ्या माशांवर केलेली अनेक वर्षांची मोजमापे आहेत.

यंत्राच्या अचूकतेविषयी मात्र शंका घेण्याचे कारण नाही. मोहिमेपूर्वी जहाजाखाली बारीक दोऱ्यांनी टंगस्टन कार्बाइडचा अचूक व्यासाचा, बहुधा ३८.१ मिलिमीटरचा, गोळा टांगतात. त्याचा प्रतिध्वनी किती यावा हे भौतिकीच्या सिद्धांताने आधीच काढलेले असते आणि त्याच्याशी यंत्र जुळवून घेतात. अशा रीतीने परत आलेली ऊर्जा थोड्या टक्क्यांच्या आत बरोबर मोजता येते. काही टक्क्यांइतके अचूक यंत्र आणि कित्येक पटींनी अनिश्चित असलेले उत्तर, असा हा विचित्र संयोग आहे. उत्तरातील दोष बहुतांशी यंत्राबाहेरचा आहे.

वाताशयाचे महत्त्व

माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने पाण्याहून फारसे वेगळे नसते. घनता आणि ध्वनिवेग जवळपास सारखे असल्याने ध्वनी त्यातून बराचसा आरपार जातो. परंतु पुष्कळ माशांच्या पोटात हवेने भरलेली एक पिशवी असते. ती वाताशय होय. घोळ माशाच्या ज्या पिशवीला किनाऱ्यावरील कोळी ‘बोत’ म्हणतात आणि जिच्यासाठी व्यापारी मोठी किंमत मोजतात, ती हीच. पाण्यात पोहताना शरीराचा भार तोलण्यासाठी तिचा उपयोग होतो. पाणी आणि वायू यांच्या सीमेवरून ध्वनी जवळजवळ पूर्णपणे परततो. वाताशय असलेल्या माशाच्या प्रतिध्वनीपैकी ९० टक्के किंवा त्याहून अधिक भाग या पिशवीचा असतो, असे केनेथ फूट यांनी १९८० साली दाखविले. थोडक्यात, सोनारला मासा दिसत नाही, त्याच्या पोटातील हवा दिसते.

या एका वस्तुस्थितीचे परिणाम दूरवर जातात. उत्तर अटलांटिकमधील बांगड्याच्या जातीला वाताशय नसतो. ३८ किलोहर्ट्झवर वापरल्या जाणाऱ्या सूत्रांनुसार त्याचा प्रतिध्वनी तेवढ्याच लांबीच्या हेरिंगहून १३ डेसिबलने, म्हणजे सुमारे वीसपट क्षीण असतो. बांगड्यांचा थवा हेरिंगचा समजला गेला, तर वीस टनांच्या जागी एक टन मोजला जाईल. उलट चूक झाली तर एका टनाचे वीस टन होतील. मासा किंचित तिरका पोहत असला तरी वाताशयाचा वरून दिसणारा आकार बदलतो आणि त्यामुळे दिवसा व रात्री एकाच थव्याची मोजणी वेगळी येऊ शकते.

गृहीतक बदलले की आकडा कसा बदलतो, याचे अंटार्क्टिकातील क्रिलचे उदाहरण बोलके आहे. कोळंबीसारख्या दिसणाऱ्या या लहान प्राण्याला वाताशय नाही. २००० सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत जपान, रशिया, ब्रिटन आणि अमेरिका यांच्या चार जहाजांनी दक्षिण अटलांटिकच्या बाजूच्या विस्तीर्ण क्षेत्राची संयुक्त ध्वनिपाहणी केली. त्यातून प्रथम ४ कोटी ४३ लाख टन हा अंदाज निघाला. एका क्रिलच्या प्रतिध्वनीचे सूत्र सुधारल्यानंतर तो ३ कोटी ७३ लाख टनांवर आला आणि पुढील फेरतपासणीत ६ कोटी ३ लाख टन झाला. जहाजे पुन्हा समुद्रात गेली नव्हती, नोंदी त्याच होत्या. या अंदाजांवरून ठरणारी वार्षिक पकडीची सैद्धान्तिक मर्यादाही ४० लाखांवरून सुमारे ३५ लाख आणि नंतर सुमारे ५६ लाख टन अशी हलत राहिली. सुदैवाने तेथील आंतरराष्ट्रीय आयोगाने प्रत्यक्ष पकड ६.२ लाख टनांच्या सावध पातळीवर रोखून धरण्याचा वेगळा निर्णय घेतला होता. प्रत्यक्ष पकड सैद्धान्तिक मर्यादेच्या काठावर नेलेली असती, तर सूत्रातील प्रत्येक दुरुस्तीबरोबर मासेमारीचे गणितही कोसळले असते.

जाळे आणि सोनार : १९८० ते २०१४

मधल्या थरातील माशांचा १९८० सालचा १ अब्ज टनांचा अंदाज यॉसेटर आणि कावागुची यांनी अन्न व कृषी संघटनेसाठी तयार केला. तो प्रामुख्याने जाळ्यांनी केलेल्या नमुन्यांवर आधारलेला होता. या थरात मिक्टोफिड कुळातील मासे पुष्कळ असतात. बोटाएवढे, मोठे डोळे असलेले आणि अंगावर प्रकाशाचे ठिपके बाळगणारे हे मासे लँटर्नफिश या नावानेही ओळखले जातात. त्यांच्याबरोबर सायक्लोथोन या प्रजातीचे, त्याहूनही बारीक मासे असतात. पृष्ठवंशी प्राण्यांत संख्येने सर्वांत अधिक कदाचित तेच असावेत. जाळ्यात जेवढे सापडले त्यावरून समुद्रात किती असतील याचे गणित मांडले गेले आणि ते गणित सुमारे तीन दशके पाठ्यपुस्तकांत टिकून राहिले.

त्यात एक गृहीतक दडलेले होते, ते असे की जाळ्याच्या वाटेत आलेला मासा जाळ्यात जातो. २०१२ साली कार्टवेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेच्या मासफ्योर्डमधील निरीक्षणांवरून दाखविले की तेथील लँटर्नफिश ओढजाळ्याला चुकविण्यात मोठे पटाईत आहेत. जाळे येण्यापूर्वीच ते वाटेतून दूर होतात. ज्या थरातून सोनारला भरपूर प्रतिध्वनी मिळत होता, त्याच थरातून ओढलेले जाळे जवळजवळ रिकामे येत होते.

या पार्श्वभूमीवर स्पेनच्या मालास्पिना मोहिमेचे निष्कर्ष आले. अठराव्या शतकातील दर्यावर्दी आलेस्सांद्रो मालास्पिना याचे नाव दिलेल्या या मोहिमेत ‘एस्पेरिदेस’ हे जहाज २०१०च्या डिसेंबरात निघाले आणि त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुमारे ३२,००० सागरी मैलांच्या मार्गावर ३८ किलोहर्ट्झचा सोनार चालू ठेवण्यात आला. ४० अंश उत्तर ते ४० अंश दक्षिण अक्षांशांमधील या नोंदींची सांगड प्राथमिक उत्पादनाशी, म्हणजे वनस्पतिप्लवकांनी तयार केलेल्या अन्नाशी, घालून इरिगोयेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये जो अंदाज मांडला, तो जुन्या आकड्याच्या किमान दसपट होता. शिवाय त्यांनी असेही सुचविले की मोकळ्या महासागरातील अन्नसाखळी समजली जात होती त्याहून अधिक कार्यक्षम असावी आणि खोल पाण्यात श्वसनाद्वारे प्राथमिक उत्पादनाचा सुमारे १० टक्के भाग हे मासेच वापरीत असावेत.

हा अंदाज प्रसिद्ध होताच दोन वेगळ्या दिशांनी त्याचे स्वागत झाले. हवामानशास्त्राच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता. रात्री पृष्ठभागाजवळ येऊन खाणारे आणि दिवसा खोल जाऊन विष्ठा व श्वसनाद्वारे कार्बन तेथे सोडणारे हे प्राणी वातावरणातील कार्बन खोल पाण्यात नेण्याचे काम करतात. ते दसपट असतील तर त्या कामाचा हिशेबही बदलतो. मत्स्यखाद्य आणि मत्स्यतेलाच्या उद्योगाला मात्र त्यात अस्पर्श खजिना दिसला. २०१०च्या दशकात नॉर्वेने या थरातील मासेमारीसाठी प्रायोगिक परवाने दिले. याउलट अमेरिकेने २०१६ साली आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिक्टोफिडांसह अनेक लहान चाराऊ माशांची नवी मासेमारी, पुरेशी माहिती हाती येईपर्यंत, सुरू करण्यास मनाई केली. एकाच अज्ञाताला दिलेली ही दोन उत्तरे आहेत.

मोहरीएवढा बुडबुडा

२०१४च्या अंदाजात परत आलेली ऊर्जा मुख्यतः माशांची आहे असे धरले होते. येथेच खरी मेख आहे, कारण खोल थरात वायू बाळगणारा मासा हा एकटाच प्राणी नाही.

पावसाळ्यात मुंबईच्या जुहूसारख्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यासारखे प्राणी वाहून येतात आणि त्यांच्या दंशाविषयी सूचना प्रसिद्ध होतात. लोक त्यांना ‘ब्लू बॉटल’ म्हणतात. हा सायफोनोफोर या गटातील प्राणी होय. एक दिसत असला तरी तो अनेक घटकजीवांची वसाहत असतो. त्याचे खोल पाण्यातील काही नातलग तसेच जिलेटिनसारख्या शरीराचे, लांबलचक असतात आणि त्यांच्या टोकाला वायूने भरलेला लहानसा तरंगक असतो. १९६३ साली एरिक बारहॅम यांनी सान डिएगोजवळ ‘त्रिएस्त’ या खोलपाणी यानातून खाली उतरून प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा प्रकीर्णन-थराच्या खोलीवर त्यांना असे सायफोनोफोर मोठ्या संख्येने आढळले. म्हणजे हा इशारा मालास्पिनाच्या निष्कर्षांपेक्षा अर्धशतकाने जुना आहे.

तरंगक लहान असल्याने त्याचा प्रतिध्वनी नगण्य असेल असे वाटणे साहजिक आहे. भौतिकी येथे वेगळे सांगते. पाण्यातील वायूचा बुडबुडा स्प्रिंगसारखा आकुंचन-प्रसरण पावतो आणि त्याची एक स्वाभाविक वारंवारता असते. मिनार्ट यांनी १९३३ साली दिलेल्या सूत्रानुसार ती बुडबुड्याच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात आणि दाबाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात असते. ५०० मीटर खोलीवर दाब सुमारे ५१ वातावरणे असतो. तेथे ३८ किलोहर्ट्झशी अनुनाद साधणाऱ्या बुडबुड्याची त्रिज्या सुमारे ०.६ मिलिमीटर येते, म्हणजे बुडबुडा साधारण मोहरीच्या दाण्याएवढा. लहान सायफोनोफोरांचे तरंगक आणि बारीक माशांचे वाताशय या आकाराच्या आसपासच असतात. अनुनाद झाला की बुडबुडा आपल्या आकाराच्या मानाने कितीतरी पट अधिक ध्वनी परतवितो. झोक्याला नेमक्या लयीत दिलेल्या हलक्या धक्क्याने तो उंच जावा, तसाच हा प्रकार आहे. परिणामी जवळजवळ संपूर्णपणे पाण्याच्या बनलेल्या एका नाजूक प्राण्याचा प्रतिध्वनी मांसल माशाच्या प्रतिध्वनीइतका किंवा त्याहून मोठाही येऊ शकतो. कागदावर तो माशांच्या टनांत जमा होतो.

जाळ्याने याची शहानिशा करावी म्हटले, तर जाळ्यात सायफोनोफोरांच्या चिंध्या होतात आणि ते ओळखण्यापलीकडे जातात. मासा जाळे चुकवितो, सायफोनोफोर जाळ्यात फाटतो, आणि सोनार दोघांनाही ऐकतो पण वेगळे ओळखत नाही. याच्या जोडीला उलट्या दिशेची चूकही आहे. सायक्लोथोनचे प्रौढ मासे आणि मिक्टोफिडांच्या कित्येक जातींचे प्रौढ मासे यांच्या वाताशयात वायूऐवजी चरबी असते किंवा तो संकोचलेला असतो. ३८ किलोहर्ट्झच्या सोनारला असा मासा जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे काही प्राणी नसून मोजले जातात आणि काही असून मोजले जात नाहीत. या दोन चुका एकमेकींना छेद देऊन नाहीशा होतील, अशी आशा बाळगण्यास काही आधार नाही.

प्राऊड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली केलेल्या कामाचे मोल येथे आहे. त्यांनी नवा एकच आकडा देण्याऐवजी सर्व अनिश्चित घटक एका प्रतिमानात घातले आणि ते पुन्हा पुन्हा चालवून उत्तर किती हलते ते पाहिले. सर्व माशांना वायूने भरलेला वाताशय आहे असे धरले तेव्हा मध्यक ३.८ अब्ज टन आला. काही माशांना तो नाही असे धरलेल्या दोन प्रसंगांत तो ४.६ आणि ८.३ अब्ज टन आला, कारण तेवढाच प्रतिध्वनी मिळण्यासाठी न ऐकू येणाऱ्या माशांचा भार त्यात मिळवावा लागतो. चतुर्थकांमधील पट्टा १.८ ते १६ अब्ज टनांचा होता. सर्वांत अधिक फरक वाताशयाचे आकारमान, त्याच्या आकारमानांचे वितरण आणि त्याची लांबी-रुंदी यांमुळे पडतो, आणि प्रतिध्वनीतील सायफोनोफोरांचा वाटा ठरविणेही तितकेच निकडीचे आहे, असे त्यांनी नोंदविले. ज्ञान पुढे गेले आणि उत्तराचा पट्टा रुंदावला. विज्ञानात असे घडते. एका आकड्याची सवय जडलेल्या धोरणकर्त्यांना मात्र ते रुचत नाही.

यंत्र खाली उतरविण्याचे प्रयत्न

अनेक वारंवारता एकाच वेळी वापरल्या तर प्राण्यांचे गट वेगळे करता येतात, कारण अनुनादी बुडबुडा, मोठा वाताशय आणि क्रिलसारखे वायुहीन शरीर यांचे प्रतिसाद वारंवारतेनुसार निरनिराळ्या रीतीने बदलतात. अडचण अशी की उच्च वारंवारतेचा ध्वनी पाण्यात फार लवकर शोषला जातो. ५०० मीटर खाली जाऊन परत येण्याच्या एक किलोमीटरच्या प्रवासात, थंड पाण्यात, ३८ किलोहर्ट्झचा ध्वनी केवळ शोषणामुळे सुमारे दसपट क्षीण होतो, तर २०० किलोहर्ट्झचा सुमारे लाखपट. ज्या थराला अनेक वारंवारतांनी तपासण्याची गरज आहे, त्या थरापर्यंत जहाजावरून त्या पोहोचतच नाहीत.

यावर उपाय एकच, यंत्रच थरात नेणे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तारेने खाली सोडता येणाऱ्या चौकटीवर सोनार आणि कॅमेरे एकत्र बसविले. अमेरिकेच्या वुड्स होल संस्थेने ‘डीप-सी’ हे ओढत नेण्याचे साधन २०१८ साली समुद्रात उतरविले. त्यावर विस्तृत पट्ट्याच्या वारंवारतांचा सोनार, कॅमेरे आणि पाण्यातील जनुकीय अंशांचे नमुने घेण्याची सोय आहे. काही मीटरांवरून एकेका प्राण्याचा प्रतिध्वनी सुटा घेता येतो आणि त्याच क्षणी छायाचित्रात तो मासा आहे की सायफोनोफोर हे पाहता येते. सभागृहाबाहेरच्या माणसाला दार किलकिले करून आत डोकावता यावे, तसे हे आहे. वेग मात्र जातो. जहाज दिवसात जेवढे अंतर कापते, त्याचा लहानसा अंशच अशा साधनाने तपासता येतो.

अरबी समुद्राच्या संदर्भात

हा सर्व विचार भारताच्या पश्चिम किनाऱ्याला परका नाही. मधल्या थरातील माशांचा सोनारने घेतलेला अंदाज जेथे प्रथम गाजला, त्या जागांपैकी अरबी समुद्र एक आहे. १९७५-७६ मध्ये आणि त्यानंतरही ‘डॉ. फ्रित्योफ नान्सेन’ या नॉर्वेच्या संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या उत्तर व पश्चिम भागांत पाहण्या केल्या. ओमानच्या आखातात व आसपास बेंथोसेमा टेरोटम या जातीच्या लँटर्नफिशचे दाट थर आढळले. जेमतेम ४-५ सेंटिमीटर लांबीचा हा मासा साधारण वर्षभर जगतो. या पाहण्यांच्या आधारे अरबी समुद्रातील अशा माशांचा साठा सुमारे १० कोटी टन असल्याचे सांगितले गेले आणि तो आकडा त्यानंतरच्या लेखनात वारंवार उद्धृत होत आला. भारताची संपूर्ण समुद्री पकड वर्षाला सुमारे ३५ लाख टन आहे. तिच्याशी तुलना केली असता हा आकडा किती मोहक ठरतो, हे निराळे सांगावयास नको. इराणने ओमानच्या आखातात या माशाच्या व्यापारी पकडीचे प्रयोगही केले.

अरबी समुद्राचे वैशिष्ट्य असे की त्यात सुमारे १५० ते १००० मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायू अत्यल्प असलेला प्रचंड थर आहे. दिवसा हे मासे याच थरात जाऊन राहतात. तेथे त्यांचा पाठलाग करू शकणारे भक्षक कमी, पण श्वासही अपुरा. संध्याकाळी वर येणे त्यांना भक्ष्यासाठी जितके आवश्यक, तितकेच प्राणवायूसाठीही असावे. अशा परिस्थितीत राहणाऱ्या प्राण्याच्या वाताशयाचे आकारमान, त्यातील वायूचे प्रमाण आणि दिवसभरातील त्याचे बदल अटलांटिकमधील नातलगांसारखेच असतील, असे गृहीत धरून चालणार नाही. प्राऊड यांच्या विश्लेषणानुसार तर उत्तर सर्वाधिक हलविणारे घटक हेच आहेत. दहा कोटी टनांचा आकडा ज्या काळात निघाला, त्या काळी या मुद्द्यांची इतकी चिकित्सा झालेली नव्हती.

साधने आणि मनुष्यबळ यांबाबत भारत रिकाम्या हाताने उभा नाही. १९८४ पासून ‘सागर संपदा’ हे मत्स्य व समुद्रविज्ञानाचे संशोधन जहाज देशाकडे आहे, आणि कोचीच्या सागरी सजीव संसाधन केंद्राच्या मोहिमांनी अरबी समुद्रातील मिक्टोफिडांचे जाळ्यांतील नमुने गोळा केले आहेत. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्याच्या खंडान्त उतारावर ध्वनीवर चालणारी प्रवाहमापके नांगरून ठेवली. त्यांचा मूळ हेतू प्रवाह मोजण्याचा असला तरी परत येणाऱ्या ध्वनीच्या तीव्रतेवरून प्राणिप्लवकांचे दैनंदिन चढणे-उतरणे आणि त्यांच्या भारातील ऋतुमानानुसार होणारे बदलही वाचता येतात. जाळ्यातून आलेल्या प्रत्येक जातीच्या ताज्या नमुन्यांत क्ष-किरण छायाचित्राने वाताशय मोजणे, लांबीनुसार त्याचा तक्ता करणे आणि कोणत्या वयात त्यात चरबी भरते ते नोंदविणे, ही कामे खर्चिक नाहीत. जहाजावर जागा मिळाली तर प्राणिशास्त्राचा एखादा विभागही ती करू शकेल. त्यांतून जो भाजक हाती येईल, तो जुन्या नोंदींनाही लावता येतो. कारण नान्सेन जहाजाने १९७५ साली टिपलेली प्रतिध्वनीची ऊर्जा तीच राहते, बदलतात ते तिच्यावरून निघणारे टन.